शून्य कराची किंमत

कर द्यावयाचा तर पैसे लागतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु आपणास कर लागू होत नाही एवढेच सरकारला कळविण्यासाठीही पैसे मोजावे लागावेत, आणि ते मोजताना कोणालाही त्यात काही वावगे वाटू नये, ही आपल्या करव्यवस्थेची किमयाच म्हटली पाहिजे. जून उजाडला की तालुक्याच्या गावापासून महानगरापर्यंत झेरॉक्सच्या दुकानांवर, सायबर कॅफेंवर, विमा-एजंटांच्या दारांवर ‘येथे रिटर्न भरून मिळेल’ अशा पाट्या झळकू लागतात. कोठे पाचशे रुपये, कोठे हजार. गिऱ्हाईक भिडस्त दिसले तर दीड हजारही. शिक्षक, लिपिक, एस.टी.चे वाहक, खाजगी इस्पितळांतील परिचारिका, निवृत्तिवेतनधारक हे सारे आपापली फॉर्म १६ची प्रत घडी घालून खिशात ठेवतात आणि या पाट्यांखाली रांग लावतात. कायद्याने त्यांच्यावर घातलेले कर्तव्य फुकट पार पाडता येते, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते. आणि ज्यांनी सांगावयाची, त्यांना ती सांगण्यात स्वारस्य नसते.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. एखाद्या परिचारिकेचा मासिक पगार ४२,००० रुपये आहे. वर्षाचे झाले ५,०४,००० रुपये. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठीच्या नव्या करपद्धतीनुसार त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की ४,२९,००० रुपये उरतात. पहिल्या चार लाखांवर कर नाही. वरच्या २९,००० रुपयांवर पाच टक्क्यांनी १,४५० रुपये. पण बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करसवलत असल्यामुळे तेही माफ. कर शून्य. येथवर सरकारचे औदार्य निर्विवाद आहे, आणि त्याच्या जाहिरातीही आपण भरपूर पाहिल्या. मात्र उत्पन्न चार लाखांच्या वर असल्यामुळे विवरणपत्र भरणे या बाईंना सक्तीचे आहे. ३१ जुलैची नेहमीची मुदत चुकली तर १,००० रुपये विलंबशुल्क. तेच उत्पन्न पाच लाखांवर असते तर ५,००० रुपये. म्हणजे कर शून्य, न भरलेल्या कागदाचा दंड हजार, आणि तो टाळण्यासाठी पाटीवाल्याला द्यावयाचे पाचशे. हे पाचशे रुपये कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाहीत. ते सरकारी तिजोरीत जात नाहीत, त्यातून शाळा उभी राहत नाही की रस्ता होत नाही. तरीही ते राज्याच्या सक्तीमुळेच नागरिकाच्या खिशातून बाहेर पडतात. याला कर म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ॲडम स्मिथने १७७६ साली सांगितलेली करआकारणीची चार सूत्रे पाठ असतात : समता, निश्चितता, सोय आणि काटकसर. यांपैकी पहिल्या सूत्रावर पिढ्यान्पिढ्या वाद झाले आणि ते होणे योग्यच होते. शेवटच्या दोहोंकडे मात्र डाव्या-उजव्या सर्वांनीच दुर्लक्ष केले. काटकसरीच्या सूत्राचा आशय इतकाच, की तिजोरीत जे जमा होते त्याहून शक्य तितके कमी जास्त जनतेच्या खिशातून निघावे. स्मिथ भांडवलशाहीचा आद्य भाष्यकार. त्याचे नाव घेऊन उदारीकरणाच्या आरत्या ओवाळणाऱ्यांनी निदान त्याचे हे सूत्र तरी पाळावयास हवे होते! शिवाय अनुपालनाचा हा खर्च स्वभावतःच प्रतिगामी आहे. पन्नास लाख मिळविणाऱ्याला विवरणपत्राचे हजार रुपये म्हणजे एका जेवणाचे बिल; पाच लाखवाल्याला तो महिन्याचा गॅस आणि वीज. आयकर चढत्या दराने घ्यावयाचा आणि आयकर भरण्याचा खर्च उतरत्या दराने लादावयाचा, असा हा दुटप्पी न्याय आहे.

हा प्रश्न मूठभरांचा आहे असेही नाही. २०२२-२३ या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरणाऱ्या ७ कोटी ४० लाख लोकांपैकी ५ कोटी १६ लाखांचे करदायित्व शून्य होते, असे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. दर दहांत सुमारे सात. समजा, यांतील निम्म्यांनीच पैसे देऊन विवरणपत्र भरून घेतले आणि प्रत्येकी केवळ पाचशेच दिले, तरी ती रक्कम १,२९० कोटी रुपये होते. हा अंदाज नव्हे, नुसता गुणाकार आहे. खरा आकडा कोणी मोजलेलाच नाही, कारण तो मोजण्याची गरज कोणाला वाटली नाही.

यात सर्वांत संतापजनक गोष्ट ही की, नागरिक जे सांगतो ते सरकारला आधीच ठाऊक असते. पगारातून कापलेला कर मालक कळवितो. ठेवींवरील व्याज बँक कळविते. २०२१ पासून वार्षिक माहिती विवरणात व्याज, लाभांश, समभागांची खरेदी-विक्री अशी सारी नोंद खातेदाराच्या पॅन क्रमांकाखाली जमा झालेली दिसते. संकेतस्थळावर जे विवरणपत्र उघडते, त्यात यातील बराचसा तपशील आगाऊ भरलेलाच असतो. म्हणजे सरकार स्वतःच उत्तर लिहिते, ते नागरिकाला दाखविते आणि ‘हेच उत्तर मला परत लिहून पाठव, नाही तर दंड’ असे बजावते. या संकेतस्थळाच्या आणि प्रक्रिया केंद्राच्या नव्या आवृत्तीसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१९ मध्ये सुमारे ४,२४२ कोटी रुपये मंजूर केले होते. जून २०२१ मध्ये ते सुरू झाले तेव्हा इतके अडखळले की ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांना कंत्राटदार कंपनीच्या प्रमुखाला बोलावून जाब विचारावा लागला. ते असो, पुढे ते बऱ्यापैकी चालू लागले हेही मान्य केले पाहिजे. मुद्दा असा की, या यंत्रणेचे पैसे जनतेने एकदा दिलेले आहेत. तीच यंत्रणा दुसऱ्याच्या बोटांनी चालवून घेण्यासाठी ती पुन्हा पैसे देते.

विवरणपत्राशिवाय काम भागूच शकत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला सरकारच्याच कृतीने उत्तर दिलेले आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पाने अशी तरतूद केली, की ज्या ज्येष्ठ नागरिकाचे वय ७५ किंवा अधिक आहे, ज्याला केवळ निवृत्तिवेतन आणि त्याच विनिर्दिष्ट बँकेतील व्याज मिळते, त्याने बँकेला एक घोषणापत्र द्यावे. बँक त्याचा कर हिशेबून कापून घेईल आणि त्याला विवरणपत्र भरावे लागणार नाही. सुंदर तरतूद आहे. पण जे पंचाहत्तराव्या वर्षी शक्य आहे ते चौऱ्याहत्तराव्या वर्षी अशक्य का व्हावे? आणि ज्या नोकराला एकच मालक व एकच बचत खाते आहे, त्याच्या बाबतीत तिशीत का नको? ब्रिटनने महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, पगारातूनच अचूक कर कापण्याची पद्धत सुरू केली. तेथील बहुसंख्य नोकरदार आजही विवरणपत्र भरीत नाहीत. स्वीडनमध्ये करखाते भरलेले विवरणपत्र घरी पाठविते आणि नागरिक मोबाइलवरून एक संदेश धाडून ते मान्य करतो. संगणकांच्या क्षेत्रात आपण जगाचे गुरू आहोत, असे ज्यांना सतत सांगावयाचे असते त्यांनी या दोन देशांकडे पाहावे.

ज्या देशाकडे आपले राज्यकर्ते नेहमी पाहतात, त्या अमेरिकेची कथा मात्र उलटी आहे, आणि ती आपल्याकडे घडू नये म्हणून विस्ताराने सांगितली पाहिजे. तेथील महसूल खात्याने २००२ साली विवरणपत्राचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांशी करार केला. कंपन्यांनी अल्प उत्पन्नाच्या लोकांना विनामूल्य सेवा द्यावी. मोबदल्यात खात्याने स्वतःची विनामूल्य सेवा काढू नये! राज्याने आपले काम न करण्याचे वचन व्यापाऱ्यांना लेखी द्यावे, असा प्रकार करांच्या इतिहासात दुर्मीळच. परिणाम काय झाला? सुमारे ७० टक्के करदाते विनामूल्य सेवेस पात्र असताना तिचा लाभ घेणारे तीन टक्क्यांच्या आसपास राहिले. विनामूल्य म्हणून आत घ्यावयाचे आणि अर्ध्या वाटेवर ‘तुमच्या प्रकरणासाठी वरची श्रेणी घ्यावी लागेल’ असे सांगावयाचे, ही रीत २०१९ साली वृत्तपत्रीय शोधमोहिमेने उघडकीस आणली. स्पर्धा न करण्याचे कलम त्याच वर्षाअखेर करारातून गेले. टर्बोटॅक्सच्या मालक कंपनीने, इंट्यूटने, मे २०२२ मध्ये पन्नासही राज्यांशी तडजोड करून १४ कोटी १० लाख डॉलर्स परत देण्याचे कबूल केले. दोष मात्र कबूल केला नाही. अखेर २०२४ मध्ये खात्याने बारा राज्यांत स्वतःची विनामूल्य सेवा प्रयोगादाखल सुरू केली. एक लाख चाळीस हजारांहून अधिक लोकांनी ती वापरली. २०२५ मध्ये ती पंचवीस राज्यांत गेली, वापरणारे दुपटीहून वाढले. आणि २०२६ च्या हंगामासाठी ती बंद करण्यात आली. चालत नव्हती म्हणून नव्हे. चालू लागली होती म्हणून, असा संशय कोणी घेतला तर त्याला दोष देता येणार नाही.

आपल्याकडे परिस्थिती अजून तितकी बिघडलेली नाही. येथे सरकारी संकेतस्थळ आहे, ते विनामूल्य आहे आणि ‘सहज’ नावाचे विवरणपत्र त्यावर कोणीही भरू शकतो. ज्याचे एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत असून ते पगार अथवा निवृत्तिवेतन, राहते घर आणि व्याज यांपासूनच येते, त्याचे काम या एका पत्रात भागते; २०२५-२६ या आकारणी वर्षापासून तर समभागांवरील सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफाही त्यात दाखविता येतो. तरीही अमेरिकी लक्षणे दिसू लागली आहेतच. खाजगी संकेतस्थळे ‘फुकट’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापतात आणि शेवटच्या पायरीवर शुल्क मागतात. त्याहून वाईट म्हणजे कोपऱ्यावरचा ‘परतावावाला’. हा मनुष्य शुल्क घेत नाही. परताव्यातून टक्केवारी घेतो. मग परतावा फुगविण्यासाठी तो न दिलेली घरभाड्याची पावती, न दिलेली राजकीय देणगी, नसलेला वैद्यकीय खर्च बिनदिक्कत दाखवितो. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा टोळ्यांविरुद्ध देशभर तपासमोहीम उघडली, आणि ज्या राज्यांत खोट्या वजावटींचे पुरावे आढळल्याचे खात्याने सांगितले त्यांत महाराष्ट्राचे नाव होते. हे दलाल विवरणपत्रे भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते उघडीत आणि नंतर सोडून देत. त्यामुळे खात्याच्या नोटिसा करदात्यापर्यंत पोहोचतच नसत. दलाल निघून जातो. नोटीस मात्र ज्याचा पॅन त्याच्या नावे निघते आणि जाणूनबुजून चुकीचे उत्पन्न दाखविल्याचा दंड बुडविलेल्या कराच्या दोनशे टक्के असू शकतो. स्वस्त म्हणून निवडलेला मार्ग सर्वांत महाग पडतो तो असा.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो : सनदी लेखापालांनी आणि करसल्लागारांनी काय उपाशी मरावे? प्रश्न गैरलागू आहे. ज्याने घर विकले, ज्याचा धंदा आहे, ज्याने वायदेबाजारात हात घातला किंवा परदेशात मालमत्ता ठेवली, त्याने जाणकाराकडे जावे आणि त्याची फी विनातक्रार द्यावी. ते ज्ञान कष्टाने मिळविलेले असते. त्या ज्ञानाची जेथे गरजच नाही तेथे त्याचे पैसे घेणे, हा आक्षेपाचा विषय आहे. कित्येक प्रामाणिक लेखापाल हे स्वतःच मान्य करतील, किंबहुना जुलै महिन्यातील ही गर्दी त्यांनाही नकोशीच असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संकेतस्थळ विनामूल्य आहे, हे खरे. पण ते वापरता कोणाला येते? आधारशी जोडलेला मोबाइल हवा, बँक खाते तेथे प्रमाणित केलेले हवे, आणि जुनी करपद्धती की नवी हा निर्णय करता आला पाहिजे. २०२३-२४ पासून नवी पद्धती आपोआप लागू होते. गृहकर्जाचे व्याज आणि भविष्यनिर्वाह निधी असणाऱ्याला कदाचित जुनीच लाभाची असेल, पण ती मुदतीतच निवडावी लागते. मुदत टळली की तो हक्कही गेला. विवरणपत्र पाठवून झाले तरी तीस दिवसांत त्याची पडताळणी केली नाही तर ते पाठविलेच नाही असे धरले जाते. या गोष्टी अवघड नाहीत, परंतु त्या भीतिदायक आहेत, आणि पाटीवाल्याचा सारा धंदा या भीतीवर उभा आहे. ‘नोटीस येईल’ या दोन शब्दांची किंमत पाचशे रुपये!

ही भीती दूर करण्याचा एक प्रयत्न सरकारने केला होता, हे आता फारसे कोणाला आठवत नाही. २००६ साली विवरणपत्र साहाय्यकांची योजना निघाली. पदवीधर तरुणांना प्रशिक्षण द्यावयाचे, त्यांना प्रमाणपत्र द्यावयाचे आणि त्यांनी करदात्याकडून २५० रुपयांहून अधिक घ्यावयाचे नाहीत. बाकीचा मोबदला सरकार देईल. बेकार पदवीधराला काम आणि छोट्या करदात्याला माफक दरात मदत, अशी ही दुहेरी सोय होती. तिचे पुढे काय झाले हे रस्त्यावरच्या पाट्यांकडे पाहून समजते. १ एप्रिल २०२६ पासून अंमल असलेल्या नव्या आयकर कायद्याने १९६१ च्या कायद्याची कलमे ८१९ वरून ५३६ वर आणली, याचा मोठा गौरव झाला. कलमे कमी झाली, आनंद आहे. रांग कमी झाली का?

खात्याच्या न्यायबुद्धीचा एक मासला नोंदविण्याजोगा आहे. करदात्याने कर देण्यास उशीर केला तर त्याच्याकडून महिन्याला एक टक्का व्याज घेतले जाते. खात्याकडून परतावा मिळतो तेव्हा त्यावर महिन्याला अर्धा टक्का. ज्या निवृत्त शिक्षकाच्या ठेवीवर बँकेने दहा टक्के कापून ठेवले आणि ज्याचा कर मुळात शून्य, त्याने आपलेच पैसे परत मिळविण्यासाठी विवरणपत्र भरावयाचे, त्यासाठी दलालाला पैसे द्यावयाचे आणि निम्म्या दराच्या व्याजावर समाधान मानावयाचे.

मागणी म्हणून स्पष्टपणे मांडावयाचे तर, पंचाहत्तरीची सवलत वयाची अट काढून एकाच मालकाच्या सर्व नोकरदारांना आणि सर्व निवृत्तिवेतनधारकांना लागू करावी; ज्याचा कर शून्य आहे त्याच्याकडून विलंबशुल्क घेणे बंद करावे; आणि तोवर २५० रुपयांच्या मर्यादेची साहाय्यक योजना प्रत्येक तालुक्यात पुन्हा उभी करावी. यात क्रांतिकारक असे काही नाही. ज्या गोष्टी सरकारने एकदा केल्या आहेत, किंवा काहींसाठी आजही करते, त्याच सर्वांसाठी कराव्यात एवढेच.

परंतु सरकारवर बोट रोखताना उरलेली बोटे कोणाकडे वळतात हेही पाहिले पाहिजे. आयकर हा ‘मध्यमवर्गीयांचा’ विषय आहे, अशी समजूत करून घेऊन कामगार चळवळीने तो वर्षानुवर्षे वाऱ्यावर सोडला. आज कारखान्यातील कायम कामगार, महापालिकेचा सफाई कर्मचारी, आश्रमशाळेतील शिक्षक हे सारे विवरणपत्राच्या कक्षेत आले आहेत. त्यांच्या संघटना बोनसच्या प्रश्नावर मोर्चे काढतात, आणि काढावेतच. पण जुलै महिन्यात संघटनेच्या कचेरीत दोन संगणक, एक वायफाय आणि दोन जाणते तरुण बसवावेत हे मात्र सुचत नाही. अमेरिकेत, त्याच अमेरिकेत, स्वयंसेवकांनी अल्प उत्पन्नवाल्यांची विवरणपत्रे मोफत भरून देण्याचा उपक्रम पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. त्यात महाविद्यालयांचे विद्यार्थीही असतात. आपल्याकडे गावोगाव वाणिज्य महाविद्यालये आहेत, पगारदारांच्या सहकारी पतसंस्था आहेत, पेन्शनरांच्या संघटना आहेत. बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातल्या काल्पनिक ‘श्रीयुत अ’चे करपात्र उत्पन्न तीन वर्षे काढावयास लावतात, खऱ्याखुऱ्या शिपायाचे एकदाही काढू देत नाहीत.

असे मदतकेंद्र चालविण्यास काय लागते, तेही सांगून ठेवावे. येणाऱ्याचा फॉर्म १६, कर जमा झाल्याचा सव्वीस-ए-एस उतारा आणि वार्षिक माहिती विवरण ही तीन कागदपत्रे शेजारी ठेवून आकडे जुळतात की नाही ते पाहावे. न जुळल्यास आधी मालकाकडे अथवा बँकेकडे पाठवावे. बचत खात्याचे व्याज विसरू नये, ते नेमके तेथे नोंदलेले असते. दोन्ही पद्धतींनी कर काढून कमी येईल ती निवडावी. नसलेली कोणतीही वजावट लिहू नये, कोणी कितीही आग्रह केला तरी. परवलीचा शब्द ज्याचा त्यानेच टाकावा. तो वहीत उतरवून ठेवणाऱ्याला केंद्रात बसू देऊ नये. ओ.टी.पी. आला की तेथेच पडताळणी करून पोचपावती हातात द्यावी. सवय झाली की एका माणसाला अर्धा तास पुरतो. आणि ज्याचे प्रकरण खरोखर गुंतागुंतीचे असेल त्याला प्रांजळपणे चांगल्या लेखापालाचा पत्ता द्यावा. पुढल्या वर्षी तोच शिपाई आपल्या शेजाऱ्याचे विवरणपत्र स्वतः भरून देईल, आणि पाटीवाल्याला आपली पाटी उतरवून झेरॉक्सच्या धंद्याकडे लक्ष द्यावे लागेल.